पानगळ शनिवारची वाट बघत नाही

प्रश्न : ताई, नमस्कार. गेल्या वर्षी आम्ही उत्तरेकडच्या थंड देशातल्या एका मोठ्या शहरात राहायला आलो. इथला पहिला शरद खोकी उघडण्यात गेला, म्हणून यंदा मनावर घेतलं होतं. फोनमध्ये सव्वीस गोष्टींची यादी केली. पहिल्या शनिवारी सगळे सांगतात त्या मोठ्या बागेत गेलो, तर तिकिटाच्या रांगेतच दोन तास गेले. आत झाडांपेक्षा फोटो काढणारी माणसं जास्त, आणि मुलगी (वय सात) रडून रडून झोपली. दुसऱ्या आठवड्यात पाऊस होता. आमच्याकडे गाडी नाही. मैत्रिणी डोंगरातल्या लालभडक झाडांचे फोटो टाकतात, ते बघून जीव खालीवर होतो. रोज ऑफिसातून निघेपर्यंत अंधार पडायला आलेला असतो आणि घरी येईपर्यंत मनही मलूल. नवरा म्हणतो, ‘पानंच ती, पुढच्या वर्षीही पडतील.’ शहरात राहून हा ऋतू खरंच अनुभवता येतो का, की गाडी घेण्यावाचून इलाज नाही?
— यादीवाली

उत्तर :

यादीवाल्या बाई, नमस्कार.

गाडी घेऊ नका. निदान पानांसाठी तरी नको. शहरात राहून शरद अनुभवता येतो, आणि गाडीतून बघितलेल्या डोंगरापेक्षा मला तो जास्त आवडतो. तुमचं घोडं अडलंय ते शहरापाशीही नाही आणि गाडीपाशीही नाही, ते अडलंय शनिवारपाशी. रोज बदलणारा ऋतू तुम्ही आठवड्यातून एकदा गाठायला निघालात. सगळं शहर त्याच दिवशी, त्याच वेळी, त्याच बागेत निघालेलं. मग रांगच बघायला मिळणार.

जरा हिशेब करा. एखादं झाड रंगात आलं की त्याचा खरा बहर आठवडाभर, फार तर दोन आठवडे टिकतो. मध्येच वाऱ्यापावसाची एक रात्र आली की खेळ खलास. असे शनिवार हाती लागतात किती? त्यातला एक पावसात जातो, एका शनिवारी कोणाला तरी ताप येतो, एकदा पाहुणे येतात. उरलेल्या एखाद्या दिवशी सव्वीसपैकी नऊ गोष्टी उरकायच्या म्हटल्यावर पोर रडणार नाही तर काय करेल?

म्हणून माझा सल्ला एकच आहे, बाकी सगळं त्याच्या पोटात येतं : हा ऋतू सुट्टीच्या दिवसातून काढा आणि कामाच्या दिवसात, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत घाला.

का, ते सांगते. २२-२३ सप्टेंबरला दिवस-रात्र जवळजवळ सारखे होतात आणि तिथून पुढे दिवस भराभर आखडतो. तुम्ही किती उत्तरेला आहात त्यानुसार रोज अडीच ते चार मिनिटांनी. म्हणजे आठवड्याला साधारण वीस-पंचवीस मिनिटं, आणि त्यातली निम्मीअधिक संध्याकाळच्या बाजूने जातात. भरीस भर म्हणून घड्याळ मागे घेतात. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, अमेरिका-कॅनडाच्या बहुतेक भागात नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. काही देशांत ही भानगडच नाही. पण तुमच्याकडे असेल, तर त्या सोमवारी ऑफिसातून निघताना चक्क रात्र झालेली असते. ती तारीख आत्ताच कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवा. त्याआधीच्या आठवड्यात एक-दोन दिवस तासभर लवकर निघता आलं तर निघा आणि संध्याकाळचं ऊन पदरात पाडून घ्या. त्यानंतर मात्र संध्याकाळची आशाच सोडा. तुमच्या हातात दुपार आहे, आणि दुपार कमी नाही.

शरदातली दुपार उन्हाळ्यातल्या दुपारसारखी नसतेच मुळी. ४५ अंश अक्षांशावर १ नोव्हेंबरच्या माध्यान्ही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३० अंश वर येतो. भर दुपारी तुमची सावली तुमच्या उंचीच्या पावणेदोन पट पडते. ऊन डोक्यावरून येत नाही, बाजूने येतं आणि पानाच्या आरपार जातं. हे बघायचं एक साधं तंत्र आहे. फोटो काढताना आपण ऊन पाठीशी घेतो, इथे उलट करायचं. झाड आपल्या आणि सूर्याच्या मध्ये घ्यायचं, सूर्य खोडाआड लपवायचा आणि वर बघायचं. मघाशी मळकट पिवळं वाटलेलं झाड आतून दिवा लावल्यासारखं दिसतं.

मोठ्या शहरात अडचण एकच, हे खाली आलेलं ऊन इमारती अडवतात. त्यामुळे ऊन कुठे पडतं हे हेरून ठेवावं लागतं. रस्ता पूर्व-पश्चिम असेल तर उत्तरेकडचा फूटपाथ धरा, ऊन असलंच तर तिकडे असतं. नाहीतर मोकळी जागा शोधा : नदीकाठ, मोठा चौक, शाळेचं मैदान, एखाद्या जुन्या प्रार्थनास्थळाचं अंगण. ऑफिसपासून दहा मिनिटांच्या टप्प्यात अशी एक तरी जागा असते. दहा मिनिटं जायला, दहा यायला, दहा तिथे. अर्ध्या तासाच्या वर वेळ लागत नाही. डबा खाऊन फोन बघण्यात आपला तेवढा वेळ जातोच की.

आता दुसरी गोष्ट. बाग सोडा, एक झाड धरा. घरापासून बसस्टॉपपर्यंत किंवा शाळेपर्यंत रोज ज्याच्याखालून जाता असं कुठलंही झाड. सुंदर असायची गरज नाही. आणि हे काम तुमच्याकडे नको, मुलीकडे द्या. सात वर्षांच्या मुलीला रांगेत उभं राहायचा कंटाळा येतो, पण ‘या झाडावर लक्ष ठेवायची जबाबदारी तुझी’ असं सांगितलं तर ती तुम्हाला उशीर होत असतानाही तिथे थांबवेल. रोज एक पान उचलायचं आणि जुन्या वहीत तारीख घालून दाबून ठेवायचं. झालं.

ते पान हातात घेऊन दोघींनी नीट बघा. रंग बहुतेक वेळा कडेकडून आत सरकत येतो. शिरांच्या अगदी लगतची हिरवी रेघ सगळ्यात शेवटी जाते, त्यामुळे मधल्या टप्प्यात पान पिवळ्या कापडावर हिरव्या धाग्याने भरतकाम केल्यासारखं दिसतं. पिवळा रंग नव्याने येत नाही. तो पानात उन्हाळाभर असतोच, हरितद्रव्याखाली झाकलेला. थंडीची चाहूल लागली की झाड हरितद्रव्य मोडून त्यातला कामाचा माल खोडाकडे परत ओढून घेतं आणि खालचा पिवळा उघडा पडतो. लाल रंगाची गोष्ट वेगळी. तो झाड ऐन जायच्या वेळी नव्याने तयार करतं, पानात उरलेल्या साखरेतून. दिवस स्वच्छ उन्हाचे आणि रात्री गार, पण गोठवणाऱ्या नसतील, तर लाल जास्त चढतो. म्हणूनच एकाच मेपलची उन्हाकडची बाजू लालबुंद आणि सावलीकडची नुसती पिवळी असं दिसतं. मुलीला विचारा, असं का झालं असेल? लगेच उत्तर सांगू नका, दोन दिवस डोकं चालवू दे.

आणखी एक. पान जिथून गळलं ती जागा फांदीवर शोधा. तिथे छोटासा सुकलेला व्रण असतो. वारा पान ओढून तोडतो असं आपल्याला वाटतं, पण देठाच्या बुडाशी झाडाने आधीच पेशींचा एक कमकुवत थर तयार केलेला असतो, वारा फक्त निमित्त. आणि त्या व्रणाच्या अगदी वरच्या बाजूला बोटाला टोचेल न टोचेल अशी एक कळी असते. ती पुढच्या वसंताची. पान पडायच्या आधीपासून ती तिथे तयार बसलेली असते. डोंगरातल्या फोटोत ही दिसत नाही हो, त्यासाठी फांदी नाकासमोर लागते.

शहरातली रस्त्याकडेची झाडं मुळात ठरावीक जातींची असतात. धूर, धूळ, डांबराखाली दबलेली मुळं असं सगळं सोसणारीच तिथे टिकतात. त्यातली दोन ओळखता आली तरी पुष्कळ. एक लंडन प्लेन. खोडाची साल पोपडे निघाल्यासारखी सुटते, खाली हिरवट-पिवळे चट्टे दिसतात आणि फांद्यांवर लोंबणारे काटेरी गोळे असतात. रंगाच्या बाबतीत झाड तसं यथातथाच, पण पानं हाताच्या पंजाएवढी आणि वाळली की अशी कुरकुरीत होतात की मुलं त्यांच्या ढिगातून हटत नाहीत. दुसरं गिंको. पंख्याच्या आकाराचं पान, मधे एक चीर. याच्यावर बारीक नजर ठेवा. बाकीची झाडं पंधरा पंधरा दिवस रडतखडत पानं गाळतात. गिंको सगळं पिवळं वैभव अंगावर धरून उभं राहतं आणि पहिल्या कडक थंडीच्या रात्रीनंतर एक-दोन दिवसांत सगळं खाली सोडून देतं. सकाळी निघताना पानांचा पाऊस चालू असतो, संध्याकाळी झाड बोडकं आणि फूटपाथ पिवळाधमक. ही गोष्ट शनिवारी घडेल याची कोणीही हमी देऊ शकत नाही. (झाड मादी असेल तर खाली पडलेल्या गरदार बियांवर पाय देऊ नका. त्याचा वास बुटाबरोबर घरी येतो आणि मुक्काम करतो.)

आता तुमच्या जीव खालीवर करणाऱ्या फोटोंबद्दल. डोंगर उंचावर, म्हणून थंडी तिथे आधी पोचते आणि रंगही आधी चढतो. मग सखल गावं, मग उपनगरं, आणि सगळ्यात शेवटी शहराचा मध्य. सिमेंट आणि डांबर दिवसभराची ऊब रात्री सोडत राहतात, त्यामुळे भर शहरातली झाडं आसपासच्या खेड्यांपेक्षा काही दिवस उशिराने रंगतात. रस्त्यावरच्या दिव्यांचाही त्यात हात असतो. न्यूयॉर्कमधल्या झाडांवर याचा अभ्यास १९३६ साली प्रसिद्ध झाला होता : दिव्यालगतच्या फांद्यांवर पानं जास्त दिवस टिकून राहतात. तुमच्या गल्लीत रात्री बघा, दिव्याभोवती पानांचा झुपका आणि बाकी झाड रिकामं, असं एखादं सापडेल. झाडाच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट नव्हे, पण तुम्हाला काय सांगायचंय ते कळलं ना? मैत्रिणींचा ऋतू संपत आला, तुमचा अजून व्हायचा आहे. तुम्ही चुकवलेलं काहीच नाही.

तरीही कुठेतरी जायचंच असेल, तर गाजलेल्या बागेऐवजी जुनं दफनभूमी-उद्यान गाठा. नाक मुरडू नका. १९व्या शतकात अनेक मोठ्या शहरांनी दफनभूमी बागांसारख्या आखल्या. पॅरिसची पेर लाशेज १८०४ साली उघडली, पुढे तिचं बघून इतरांनी तसंच केलं. तिथे दीडदोनशे वर्षं कोणी इमारत बांधली नाही, रस्ता रुंद केला नाही, त्यामुळे शहरातली मोठाली झाडं नेमकी तिथे शिल्लक असतात. गर्दी नाही, तिकीट बहुतेक ठिकाणी नाही. आवाज बेताचा ठेवायचा आणि कुठे अंत्यविधी चालू असेल तर वाट बदलायची, एवढं पाळा. जुन्या विद्यापीठांची आवारंही अशीच. नावाजलेली बाग बघायची तर मंगळवार-बुधवारी सकाळी, दार उघडताना. तेवढ्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा टाकली तरी चालेल. तुमच्या दोन तासांच्या रांगेपेक्षा ती स्वस्त पडते.

काही गोष्टी मात्र शहरातच होतात, डोंगरात नाही. त्या यादीत ठेवा.

पहिली, चंद्र. एरवी चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. सप्टेंबरअखेरीच्या आसपासच्या पौर्णिमेला मात्र उत्तरेकडे हा उशीर वीस-तीस मिनिटांवर येतो, त्यामुळे सलग तीन-चार संध्याकाळी भलामोठा चंद्र अंधार पडता पडताच उगवताना दिसतो. म्हणजे तुमची घरी जायची वेळ. पूर्वेकडे तोंड असलेला पूल किंवा लांबलचक सरळ रस्ता शोधून ठेवा. इमारतींच्या मधून तो वर येताना इतका मोठा वाटतो की फोन आपोआप बाहेर निघतो आणि फोटोत टिकलीएवढा येतो. फोन खिशातच राहू दे.

दुसरी, बंद दारं. लंडनमध्ये १९९२ साली ‘ओपन हाऊस’ नावाचा उपक्रम सुरू झाला, आता जगातल्या अनेक शहरांत होतो आणि बऱ्याच ठिकाणी तो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच असतो. युरोपातले वारसा दिवसही सप्टेंबरातच. एरवी आत पाऊल टाकू न देणाऱ्या इमारती, जुन्या पाणीपुरवठ्याच्या खोल्या, सरकारी दालनं त्या एक-दोन दिवसांत लोकांना उघडी असतात. इथेही नावाजलेल्या इमारतीपुढे रांग असतेच, म्हणून यादीतलं तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचं, कोणाला फारसं ठाऊक नसलेलं ठिकाण निवडा.

तिसरी, मॅरेथॉन. बर्लिन, शिकागो, न्यूयॉर्क, मोठ्या शहरांच्या मोठ्या शर्यती याच दिवसांत असतात, आणि तुमच्याही शहरात एखादी असेल. पळायचं नाही हो, बघायला जायचं. शेवटच्या रेषेपाशी खच्चून गर्दी असते, तिथे जाऊ नका. ४२ किलोमीटरांतल्या तिसाव्या-पस्तिसाव्या किलोमीटरला उभं राहा. तिथे बघे विरळ आणि पळणारे मेटाकुटीला आलेले असतात. बऱ्याच जणांच्या छातीवर नंबराबरोबर नावही छापलेलं असतं. मुलीला ते मोठ्याने वाचून ओरडू द्या. आपलं नाव ऐकून थकलेला माणूस पुन्हा पाय उचलतो हे तिने एकदा पाहिलं, की तुम्हीच तिला ‘चल आता घरी’ म्हणाल.

चौथी गोष्ट घरी बसून करायची आहे. शरदात असंख्य पक्षी रात्रीच्या रात्री उडत दक्षिणेकडे जातात. शहरातल्या झगमगाटाने त्यांची वाट चुकते आणि काचांवर आपटून ते मरतात. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबरच्या स्मृतीसाठी आकाशात सोडतात ते प्रकाशझोत, त्यात हजाराहून अधिक पक्षी घुटमळताना दिसले की थोडा वेळ बंद करतात. आपल्या घराचे दिवे तेवढे प्रखर नाहीत, पण वरच्या मजल्यावर राहत असाल तर रात्री पडदे ओढा, नको ते दिवे मालवा. आणि सकाळी जवळच्या लहानशा बागेत एक चक्कर मारा. चहूकडे काँक्रीट असताना रात्रभर उडून दमलेल्या पक्ष्यांना उतरायला तेवढा हिरवा तुकडाच सापडतो, त्यामुळे कधी नव्हे ते अनोळखी पाहुणे एखाद्या झुडपात बसलेले दिसतात.

कपड्यांचं फार सांगत नाही. जाड एक घालण्यापेक्षा पातळ दोन-तीन घाला, आणि ओल्या पानांवरून पाय सटकतो म्हणून बुटाचे तळवे गुळगुळीत नसावेत.

मन मलूल होतं म्हणालात, ते मी वाऱ्यावर सोडलेलं नाही. दिवस आखडले की बऱ्याच जणांचं होतं. ऋतूबरोबर येणाऱ्या या उदासीचं वर्णन वैद्यकशास्त्रात १९८४ साली नाव देऊन झालं, म्हणजे हे तुमच्या मनाचे खेळ नव्हेत. उजेडाने बऱ्याच जणांना आराम पडतो, विशेषतः सकाळच्या. म्हणून शक्य असेल तर ऑफिसच्या एक स्टॉप आधी उतरून चाला. दुपारचा अर्धा तास धरलात तर दिवसातून दोनदा उजेड अंगावर येतो. पण दोन-तीन आठवडे झोप, भूक, कामातलं लक्ष सगळंच बिघडलेलं राहिलं, किंवा काहीच नकोसं वाटायला लागलं, तर झाडांच्या भरवशावर राहू नका, डॉक्टरांकडे जा. यावर उपचार आहेत.

राहता राहिले नवरोबा. ‘पुढच्या वर्षीही पडतील’ हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे, वाद घालू नका. त्यांना पानं बघायला चला असं म्हणूच नका. दफनभूमीतली शिल्पं, जुनं पंपघर, मॅरेथॉनचा रस्ता, ज्यात त्यांना रस असेल तिकडे न्या. झाडं वाटेत आहेतच. आणि तेही नको असेल तर त्यांना घरी राहू द्या. घरातल्या प्रत्येकाला एकाच गोष्टीचं कौतुक हवं, हा हट्ट मला तरी कधी पटला नाही. रविवारची दुपार त्यांना एकट्याला मिळाली तर तेही खूश असतील.

त्या सव्वीस गोष्टींमधल्या ज्यांच्या पुढे ‘सगळे जातात’ एवढंच कारण आहे, त्या आज खोडा. ज्या तुमच्या ऑफिसपासून चालत जाण्याजोग्या आहेत त्या वर घ्या. माझा अंदाज आहे, पाच-सहा उरतील. डोंगर मात्र खोडू नका, जायची इच्छा आहे तर जायलाच हवं. तो पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात ठेवा, आठवड्याच्या मधल्या दिवशी, आगगाडीने. त्या मार्गावरच्या छोट्या स्टेशनांची माहिती आत्तापासून काढायला नवऱ्याला सांगा. वेळापत्रकं वाचायला आवडणारी माणसं असतात, कदाचित ते त्यातले निघतील.